ग्रुपवर नसण्याचा खर्च

आमच्याकडे कांदेनवमीला तीन गोष्टी ठरलेल्या असतात, भजी, कांद्याचं थालीपीठ आणि सासूबाईंचा प्रश्न, की यंदा तू काय सोडणार गं. दोन दिवसांनी आषाढी, मग चार महिने घरात कांदा, लसूण, वांगं बंद, म्हणजे त्यांच्या ताटात बंद, आमच्यासाठी फोडणी वेगळी, आणि ती दुसरी फोडणी कोण करतं ते विचारू नका. मी दरवर्षी काहीतरी गुळमुळीत सांगून सुटते, साखर कमी करते, चहा एकदाच घेते वगैरे. यंदा भज्यांचा घाणा काढत होते तर मुलगा म्हणाला आई तू मोबाईल सोड, सगळे खो खो हसले, आणि मला ते जरा लागलंच. म्हटलं बरं, सोडला. अख्खा फोन नाही, पण रील्स, फेसबुक, ते शॉर्ट्स, व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस आणि झाडून सगळे ग्रुप. आषाढी ते कार्तिकी, ६ जुलै ते २ नोव्हेंबर २०२५. कॉल, पैसे पाठवायचं अ‍ॅप आणि एकट्यादुकट्याचा मेसेज एवढंच ठेवलं. सासूबाई म्हणाल्या हा कसला नेम, याने देवाला काय मिळणार? पण नंतर म्हणाल्या, घेतलास तर टाकू नको, उतू नको मातू नको.

आता पुढे मी किती शांत वाटलं आणि पहाटे पक्ष्यांचे आवाज कसे ऐकू यायला लागले असं लिहीन असं वाटत असेल तर तसलं काही नाहीये. नाशिकला सिडकोत पाचव्या स्कीमला राहते मी, इथे सकाळी आधी घंटागाडीचं गाणं ऐकू येतं, पक्षी नंतर. मला बोलायचंय ते पैशाबद्दल, कारण आमचं घर काटकसरीवर चालतं. हौसेची काटकसर नाही ही, घराचा हप्ता आहे, नवऱ्याची अंबडला कंपनीत नोकरी आहे आणि तिथे ओव्हरटाईम असला तर असतो नाहीतर नसतो. माझं म्हणणं असं आहे की साधं राहायचं असेल तर सोशल मीडिया बंद ठेवणं ही चैन नाही, तो घरखर्चाचाच भाग आहे, दूध उतू जायच्या आत गॅस बारीक करण्यासारखा. पण आपण सगळ्यांनी मिळून व्यवस्था अशी करून ठेवलीय की जो बंद ठेवतो त्यालाच भुर्दंड बसतो, आणि हा भुर्दंड एकट्या बाईच्या मनोनिग्रहाने जात नाही.

आधी वहीतले आकडे सांगते. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट बघते त्यामुळे लिहून ठेवायची खोड आहे. गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर घरी पार्सलने आलेल्या वस्तूंचे ११,३४० रुपये झाले, यंदा त्याच चार महिन्यांत २,१८०, आणि त्यातले साडेबाराशे मुलाच्या शाळेच्या बुटांचे. गेल्या वर्षीच्या यादीत काय होतं तर दोरी ओढून कांदा चिरायचं भांडं, ज्याची दोरी आठ दिवसांत तुटली, फ्रिजमध्ये सगळं एकसारखं दिसावं म्हणून पारदर्शक डब्यांचा बाराचा सेट, केसांचं कसलंसं तेल, दोन कुर्ते, आणि एक सेमी पैठणी, जेव्हा येवला आमच्याच जिल्ह्यात आहे आणि माझी लग्नातली खरी पैठणी वर्षातून एकदाही कपाटाबाहेर निघत नाही. यातली एकही वस्तू मला सकाळी उठल्यावर हवी नव्हती. रात्री साडेअकराला हवी झाली.

लोक म्हणतात फुकट तर आहे, बघायला काय जातं. मेटा कंपनीचे, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप ज्यांचं आहे त्यांचे २०२४ चे आकडे बघा, फक्त जाहिरातीतून १६० अब्ज डॉलरच्या वर आले, शंभर डॉलरमधले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जाहिरातीचेच. हे पैसे जाहिरात करणाऱ्याने उगाच दिलेत का? त्याने ते माझ्या पारसलमधूनच वसूल केलेत ना. मेन रोडला दुकानदार बाहेर उभा राहून या ताई या ताई करतो, मला त्याचा कधी राग नाही येत, कारण मी दोन पावलं पुढे गेले की तो दुसऱ्या ताईकडे वळतो. फोनमधला वळत नाही. मी एकदा डब्यांकडे तीन सेकंद जास्त बघितलं तर पुढचे पंधरा दिवस डबेच डबे.

आणि याला शेवट नाही. सासूबाई चातुर्मासात पोथी वाचतात, अध्याय संपला की चष्मा काढतात आणि पोथी लाल फडक्यात गुंडाळून ठेवून देतात, कारण अध्याय संपतो. आमच्या लहानपणी केबलवर सिरीयल संपायची, पेपर शेवटच्या पानावर संपायचा. बोट सरकवत राहिलं की पानाखाली पान येतच राहतं ही युक्ती २००६ च्या सुमाराला कुणा डिझायनरने काढली म्हणतात, त्याला स्वतःलाही पुढे त्याचा पस्तावा झाला. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, त्या वेळी माझ्यासारख्यांना वाटलं चला सुटलो, तर पंधरा दिवसही झाले नसतील, रील्स हजर.

यात एक गंमत आहे जी मला यंदाच कळली. काटकसरी माणूस यात उधळ्या माणसापेक्षा जास्त अडकतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं त्याच्या आधी नेट आम्ही रॉकेलसारखं वापरायचो, एक जीबी महिनाभर पुरवायचा, काम झालं की डेटा बंद, मुलांनी व्हिडिओ लावला तर ओरडा. आता रिचार्ज कसा आहे, रोजचा दीड जीबी, रात्री बाराला उरलेला गेला. आणि आम्हाला लहानपणापासून शिकवलंय काय, की पानात टाकायचं नाही. पैसे भरलेत तर वाया कशाला घालवायचं! मी खरंच असं केलंय हो, रात्री अकराला बघितलंय की अजून नऊशे एमबी शिल्लक आहे आणि झोप येत असताना रील्स बघत बसलेय, जणू शेवटचा भात संपवतेय. म्हणजे काटकसरीच्याच सवयीने मला उधळपट्टीच्या दुकानात नेऊन बसवलं. महिन्याचा कोटा होता तेव्हा वाचवायचा मोह व्हायचा, रोजचा झाला तसा संपवायचा मोह होतो, आणि हे असं आपोआप झालेलं नाही, कुणीतरी विचार करून प्लॅन आखलेत.

२०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज वाढवले ते आठवत असेल, ८४ दिवसांचा दीड जीबीवाला आठशेच्या घरात किंवा पुढे गेला. मग डिसेंबरात ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्याला नेट नकोच आहे त्याच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएस असलेला रिचार्ज पण ठेवा, आणि २०२५ च्या जानेवारीत असे प्लॅन आले, ८४ दिवसांचा साडेचारशे-पावणेपाचशेच्या आसपास. हे मला चातुर्मासात कळलं. आमच्या सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे, त्यात नेट लागत नाही, लागलं तरी त्या वापरणार नाहीत, आणि आम्ही कित्येक महिने त्या फोनला डेटाचा रिचार्ज मारतोय! पवननगरच्या रिचार्जवाल्याला विचारलं तर म्हणाला आहे ना ताई, पण कुणी मागत नाही. कुणाला माहीतच नाही तर मागणार कोण. माझ्या फोनला मात्र तो मारता आला नाही, ते का ते पुढे सांगते.

त्याआधी त्या मिनिमलिझमवाल्यांबद्दल. साधं राहणं हा आता बघायचा विषय झालाय, पांढरी भिंत, लाकडी पाट, मातीचा माठ, तांब्याची बाटली, एक बाई हळू आवाजात सांगतेय की मी वर्षभरात फक्त दहा कपडे वापरले, आणि खाली त्या दहाही कपड्यांच्या लिंका. माझ्या आईच्या घरात माठ होता, पितळी डबे होते, जुन्या साड्यांची गोधडी होती, जुन्या बनियनचं पायपुसणं होतं, आणि त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं, जमत नव्हतं म्हणून होतं ते. आता तेच विकत घ्यायचं म्हटलं तर महाग. तसंच ते डिजिटल डिटॉक्स, धरणाकाठी रिसॉर्टवर जायचं, गेटवर फोन जमा करायचा, दोन रात्रींचे एवढे हजार द्यायचे. अहो फोन न बघण्याचे पैसे? ज्याला फोनने थकवलंय त्याला फोनपासून दूर ठेवायचे पण पैसे लावायचे, याला धंदा म्हणतात, साधेपणा नाही म्हणत. आमच्याकडे हा प्रकार पूर्वीपासून फुकट आहे, त्याला नेम म्हणतात, आणि त्यात चार महिने कसे पाळायचे आणि मोडला तर काय करायचं याची पण सोय आहे.

मोडला का? मोडला. श्रावणात एका दुपारी नवऱ्याचा फोन चार्जिंगला होता, मी वेळ बघायला उचलला आणि वीस मिनिटं गेली. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोहे करताना फक्त विचारलं, माझ्या पोह्यात पण कांदा घालतेस का मग. बास.

वेळ उरतो त्याचं काय करायचं हा प्रश्न लोक फार गंभीरपणे विचारतात. नाशकात राहून हा प्रश्न पडत असेल तर अवघड आहे. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो तिथे बसने जायला लागले, पावसाळ्यात पेठ, त्र्यंबकच्या बाजूच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, करटोली, फोडशी, शेवळं, आधी कशी करायची तेच माहीत नव्हतं, त्याच बायकांनी सांगितलं, शेवळं चिंच घालून शिजव नाहीतर घसा खाजेल. ही रेसिपी मला कुठल्या रीलने नसती दाखवली, दाखवली असती तर शेवटी कढईची लिंक असती. सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासूनचं आहे ते, पुन्हा नाव घातलं. आणि रविवारी मुलाला घेऊन पांडवलेणी. पंधरा वर्षांखाली तिकीट नाही, पाथर्डी फाट्यापर्यंत चालत, डबा घरचा.

तिथे तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहनांची राजमाता, तिने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक दगडात कोरून ठेवलंय, त्याने कुणाकुणाला हरवलं, तो किती देखणा, आईच्या शब्दाबाहेर नव्हता वगैरे वगैरे. हे तिने नातवाच्या राज्यात कोरवून घेतलंय, मुलगा गेल्यावर. माझा मुलगा म्हणाला म्हणजे हिने स्टेटस टाकलंय. मी म्हटलं हो, पण चोवीस तासांत गेलं नाही, अठराशे-एकोणीसशे वर्षं झाली. त्यावर तो म्हणाला व्ह्यूज किती असतील. मी मोजायचा प्रयत्न केला नाही.

हे झालं जमेच्या बाजूचं. आता नावेची बाजू, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

आमच्या ऑफिसात एक जुने ड्रायव्हर काका होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, मी नवीन लागले होते तेव्हा दर दिवाळीला गावाकडून माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणायचे. सप्टेंबरात त्यांची बायको गेली. मला कळलंच नाही. ऑफिसच्या जुन्या-नव्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, दशक्रिया अमुक तारखेला सकाळी आठला रामकुंडावर. मी तो ग्रुप जुलैत सोडलेला. सगळे गेले, ज्यांची त्यांच्याशी धड ओळख नव्हती ते पण गेले. पंधरा-वीस दिवसांनी काका ऑफिसात कसल्यातरी कागदावर सही घ्यायला आले, मी नेहमीसारखी हसत विचारलं काय काका, काकू कशा आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ताई तुम्ही आल्या नाहीत त्या दिवशी, मला वाटलं गावाला गेल्या असतील. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारच्या टेबलवरून एकजण म्हणाला, ग्रुपवर टाकलं होतं ना मॅडम.

यात कुणाची चूक? कुणाचीच नाही, हेच तर त्रासदायक आहे. पूर्वी कोणी गेलं तर एक माणूस सायकलवर निघायचा, लँडलाईनवर एकाने दोघांना, दोघांनी चौघांना सांगायचं, चौकातल्या फळ्यावर खडूने नाव यायचं. म्हणजे सांगायची जबाबदारी सांगणाऱ्याची होती. आता सांगणाऱ्याने एकदा टाकलं की तो मोकळा, बघायची जबाबदारी माझी. सांगणाऱ्याचा त्रास वाचला, छानच झालं, पण तो कुठे हवेत विरला नाही, तो माझ्या गळ्यात आला, आणि तो पेलायला मला दिवसभर शंभर गुड मॉर्निंग चाळत तिथे उभं राहावं लागतं.

हेच शाळेचं. कोणती शाळा ते राहू दे, बऱ्याच ठिकाणी हेच आहे. वर्कशीट ग्रुपवर, फीची तारीख ग्रुपवर, उद्या पांढरा शर्ट घालून पाठवा हे रात्री साडेनऊला ग्रुपवर. दर वर्षी डायरीचे पैसे घेतात आणि डायरी जूनमध्ये कव्हर घातलेली तशीच कोरी मार्चमध्ये रद्दीत जाते. माझा मुलगा दोनदा रंगीत शर्टात गेला, दुसऱ्यांदा त्याला मागे उभं केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तेच, उद्या टाकी धुणार आहेत, पाणी आज भरून ठेवा, हे मला सकाळी नळ सोडल्यावर कळलं, डोक्याला शाम्पू लावलेला असताना. जिन्याखाली नोटीस बोर्ड आहे, काच पण आहे त्याला, आत २०१९ चा एक कागद आहे. म्हणून मला तो साडेचारशेचा रिचार्ज मारता आला नाही. नेट सोडलं तर शाळा सुटते. साधेपणाने राहायचा हक्क मला आहे, फक्त तो माझ्या मुलाच्या खर्चाने आहे.

संस्था म्हणतात आम्ही कागद वाचवतो, खर्च वाचवतो. ठीक. एक एसएमएस एकगठ्ठा पाठवायला काही पैसे पडतात, रुपया पण नाही, आणि तो बटणांच्या फोनवर पण येतो, नेट नसताना येतो, आणि त्याच्याखाली कुणी फुलांचे फोटो टाकत नाही. तो खर्च संस्थेने वाचवला आणि प्रत्येक घराला ८४ दिवसाला साडेतीनशे-चारशे रुपये जास्तीचा रिचार्ज, स्मार्टफोन, आणि फोन हातात आला की पुढचं सगळं, डब्यांचा सेट, पैठणी. मी अकाउंटवाली बाई आहे, याला बचत नाही म्हणत, याला खर्च दुसऱ्याच्या नावावर टाकणं म्हणतात. चारशे घरांची शाळा असली तर चारशे घरांच्या नावावर. नाशकात २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, कुठला रस्ता खोदलाय, कुठला बंद, बस कुठून वळवली, हे सगळं ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही त्या आजीला कळणार कसं, याचा विचार आत्ताच करायला हवा. ध्वज लागल्यावर नाही.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आवडतं. कडेगाव तालुक्यातलं छोटं गाव, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. करोनात पोरं ऑनलाईन शिकली आणि मग फोन सुटेनात म्हणून गावाने मिळून ठरवलं. लोक त्याकडे बघा कशी मुलं अभ्यास करतात म्हणून बघतात, मला त्यातलं दुसरंच काही दिसतं. त्या दीड तासात कुणालाच भुर्दंड बसत नाही, कारण कुणीच ग्रुपवर नाही. सातनंतर कुणी शर्टाचा मेसेज टाकला तर मूर्ख तो ठरेल, न वाचणारा नाही. मी एकटीने चार महिने केलं तर मी विक्षिप्त, गावाने दीड तास केला तर रीत. एकट्याने उपास केला तर दुसरी फोडणी करावी लागते, सगळ्या घराचा असला तर एकच भगर शिजते. सिडकोत भोंगा लावा असं मी म्हणत नाहीये, इथे आधीच भोंगे कमी नाहीत, पण एखाद्या बिल्डिंगने, एखाद्या वर्गाने, एखाद्या ऑफिसने एवढं तर ठरवावं की कामाचं असेल ते ग्रुपशिवाय पण सांगितलं जाईल.

अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी २०१८ च्या निवडणुकीआधी दोनेक हजारांवर लोकांबरोबर प्रयोग केला होता, काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. दिवसाचा सरासरी तासभर वाचला, लोकांना थोडं बरं वाटलं, थोडंच, आणि बातम्या मात्र कमी कळल्या. मला हे पटतं कारण ते प्रामाणिक आहे. मला पण थोडंच बरं वाटलं, आणि मला पण कमी कळलं. फक्त तिकडे कमी कळलं ते राजकारण, इकडे कमी कळलं ते काकूंचं जाणं.

माझी नणंद या सगळ्यावर चिडलेली आहे आणि तिचं चिडणं खोटं नाही. ती नाशिकरोडला राहते, कुरडया, पापड, सांडगे, दिवाळीला चकली-अनारसे करते, आणि तिचं दुकान म्हणजे तिचं व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. भाडं नाही, गाळा नाही, सकाळी फोटो टाकला की दुपारपर्यंत ऑर्डर. मला म्हणाली वहिनी तुझा उपास, माझं नुकसान. दिवाळीची तीन-चार गिऱ्हाइकं तिने माझ्याच ओळखीतली धरली होती, मी स्टेटस बघणं बंद केल्यावर मी पुढे पाठवणं पण बंद झालं. मी तिला फोन करून ऑर्डर दिली, ऑफिसातल्या दोघींची पण घेऊन दिली, पण ती म्हणते तसं सगळ्यांनी जर नेम धरला तर मी गाळा घ्यायचा का? नाही घेता येणार तिला. ज्याचं पोट त्या फोनवर आहे त्याला ब्रेक घे म्हणणं म्हणजे रिक्षावाल्याला पेट्रोल महाग झालंय तर चालत जा म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे भांडी घासायला येते ती ताई पण संध्याकाळी रील्स बघते, थिएटरचं तिकीट आणि पॉपकॉर्न धरून चौघांचं हजार रुपयाच्या खाली येत नाही, तिची करमणूक तेवढीच आहे, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू. म्हणून मला ते सगळ्यांनी सोशल मीडिया सोडा असलं आवाहन करायचंच नाहीये. ज्याला विकायचंय त्याने विकावं, ज्याला बघायचंय त्याने बघावं, माझं भांडण एवढंच आहे की ज्याला नकोय त्याला निघायला दार असावं आणि त्या दाराशी टोलनाका नसावा.

आणि एक, लोकांना वाटतं तुम्ही रागावलात किंवा तुमचे वाईट दिवस आलेत. मावसबहिणीने फोन करून विचारलं आमचं काही चुकलं का. दुसरीने आडून आडून, भाऊजींची नोकरी आहे ना गं व्यवस्थित? म्हणजे दिसत नाही म्हणजे झाकतेय. मी म्हटलं चातुर्मास आहे. हे मात्र लगेच पटलं दोघींना. मी मनःस्वास्थ्य, स्क्रीन टाईम असलं काही बोलले असते तर तासभर समजवावं लागलं असतं.

कार्तिकीला सासूबाईंनी नेम सोडला, दुसऱ्या दिवशी भरली वांगी झाली, कांदा-लसूण घालून, चार महिन्यांचं उट्टं काढलं. मी रील्सचं अ‍ॅप अजून परत घेतलेलं नाही, ग्रुपांपैकी शाळेचा आणि बिल्डिंगचा परत घेतला, घ्यावाच लागला. पण त्याआधी एक काम केलं. शाळेला रीतसर कागदावर अर्ज लिहिला, की सूचना डायरीत लिहून द्याव्यात किंवा एसएमएस करावा, ज्या पालकांकडे नेट नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी, खाली सही, तारीख, मुलाची इयत्ता-तुकडी. ऑफिसातल्या मॅडमनी वाचला, चांगल्या होत्या बिचाऱ्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या तुमचा मुद्दा बरोबर आहे ताई, असं करा, याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाका, म्हणजे बाकीच्यांचं पण मत कळेल.

टाकला. आठ दिवस झाले. शब्दाने कुणी काही बोललेलं नाही, सतरा जणांनी अंगठा दाखवलाय.